सोळा पानं, सात पथ्यं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासऱ्यांची पंच्याहत्तरी आहे. पुण्यात, श्रावणातल्या एका शनिवारी रात्री ८ वाजता सोळा जण बाहेर जेवायला जाणार. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. नणंद मारवाडी जैन घरात दिली आहे. ती, तिचे यजमान आणि तिच्या सासूबाई येणार. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला, म्हणजे भाच्याला, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. पुतणीला सीलिअ‍ॅक, म्हणजे गहू वर्ज्य. जर्मनीहून आलेला तुमचा भाऊ वीगन, म्हणजे दूध-तूपही वर्ज्य. वडिलांना मधुमेह, इन्सुलिन चालू. दीर म्हणतात, मासे नसतील तर तो वाढदिवस कसला. उरलेल्या पोरांना पनीर आणि नूडल्स मिळाले की झालं. सगळ्यांना सगळं मिळेल असं एखादं हॉटेल सुचवा.

मी अठ्ठावीस वर्षं पुण्यात हॉटेल लाइनीत आहे. टेबलावर पाणी ठेवण्यापासून सुरुवात केली, मग वेटर, कॅप्टन, मॅनेजर झालो; आता छोट्या समारंभांच्या जेवणाची कामं घेतो. एवढ्या वर्षांत मला तसं हॉटेल सापडलेलं नाही. ज्याच्या मेनूकार्डात तीनशे पदार्थ असतात त्याच्या भटारखान्यात तीन ग्रेव्ह्या असतात, लाल, पांढरी आणि कांद्याची, आणि त्या सकाळी एकदाच उकळून ठेवलेल्या असतात. वर फक्त पनीर, कोफ्ता किंवा भाजी बदलते. म्हणून ‘कुठे सगळं मिळतं’ हा शोध सोडा. सर्वांत कडक पथ्य असलेल्या माणसाचं पान कोणतं हॉटेल न चुकता वाढेल, ते शोधा. बाकीच्यांचं त्यात आपोआप भागतं. उलट बाजूने सुरुवात केली तर नेहमी एक म्हातारी बाई आणि एक लहान मूल पापड खाऊन घरी येतात.

पण हॉटेलच्या आधी तारीख. तुम्ही कळवलेली तारीख मी कालनिर्णयात पाहिली. त्या शनिवारी संकष्टी आहे. सासूबाई संकष्टी करतात की नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. पण चातुर्मास पाळणाऱ्या बाईला संकष्टी नसेल याची शक्यता कमीच. श्रावणातला चंद्रोदय रात्री ९ च्या आसपास किंवा त्याही नंतर. म्हणजे नवऱ्याच्या पंच्याहत्तरीला सगळे टेबलावर जमले असताना त्या तासभर घड्याळाकडे बघत बसणार. दुसरी गोष्ट, नणंदेच्या सासूबाई चौविहार करत असतील, आणि चातुर्मासात पुष्कळ जैन मंडळी करतात, तर सूर्यास्तानंतर त्या पाणीसुद्धा घेणार नाहीत. त्या येतील, हसून बसतील आणि काही न खाता जातील. तुम्हाला ते टेबलावर कळेल. तिसरे तुमचे वडील. ८ चं बुकिंग म्हणजे सोळा माणसं जमून, ऑर्डर देऊन पहिला घास साडेनऊला. इन्सुलिनवाल्या माणसाला हे चालत नाही.

तेच जेवण दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी १२ ला ठेवलंत तर हे तिन्ही प्रश्न फोन न करता सुटतात. १२ म्हणजे १२. रविवारी एक वाजता पुण्यातलं कुठलंही बऱ्यापैकी हॉटेल भरलेलं असतं, आणि भरलेल्या हॉटेलात कोणाचंच पथ्य पाळलं जात नाही. तिथे फक्त ताटं पुढे सरकतात.

पुढचा आठवडाही टाळा, कारण श्रावण वद्यात जैनांचं पर्युषण पर्व जवळ येतं आणि मग नणंदेकडचे लोक बाहेर जेवतीलच असं नाही. एक बारकावा राहतो. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी बहुधा पंचमी लागते, आणि बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी, चतुर्दशी या तिथींना अनेक जैन घरांत हिरवी भाजी खात नाहीत. नणंदेला एवढंच विचारा: “आईंची त्या दिवशी तिथी आहे का?” असा प्रश्न विचारणारी भावजय तिला आजवर भेटली नसेल.

आता पथ्यांकडे. तुम्ही सातही एका ओळीत लिहिलीत, जणू सारख्या वजनाची. हॉटेलात आम्ही मनातल्या मनात तीन ढीग करतो. पहिला ढीग शरीराचा: शेंगदाणा, गहू, साखर. इथे चूक झाली तर दवाखाना, किंवा सीलिअ‍ॅकच्या बाबतीत असं नुकसान जे त्या दिवशी टेबलावर दिसतही नाही. दुसरा ढीग व्रताचा आणि तत्त्वाचा: जैन, चातुर्मास, वीगन. इथे चूक झाली तर कोणी आजारी पडत नाही, पण ती भरूनही काढता येत नाही. तिसरा ढीग जिभेचा: मासे, नूडल्स. हा ढीग सगळ्यांत मोठ्याने बोलतो. दीर फोनवर तीनदा बोलले असतील. नणंदेच्या सासूबाई एकदाही बोलल्या नसतील.

दुसऱ्या ढिगाबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी नवा कॅप्टन होतो. एका जैन कुटुंबाने पनीर मखनी ‘जैन’ मागवली. आजींनी विचारलं, “बेटा, इसमें लहसुन तो नहीं है?” मी आत न जाता “नहीं माँजी” म्हणालो. केओटीवर, म्हणजे आचाऱ्याकडे जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, ‘जैन’ लिहिलेलं होतं, आणखी काय पाहायचं? आत आचाऱ्याने वरून कांदा घातला नव्हता, पण लाल ग्रेव्ही तीच, सकाळची, लसूण घालून उकळलेली. दोन घासांनंतर आजींच्या लक्षात आलं. त्या ओरडल्या नाहीत. ताट थोडं पुढे सरकवलं, हात जोडले आणि घरच्यांना म्हणाल्या, तुम लोग खा लो. मालकाने बिल माफ केलं, पण ते त्या ग्रेव्हीचं उत्तर नव्हतं. तेव्हापासून पातेल्यात डोकावल्याशिवाय मी कोणालाही ‘नाही’ किंवा ‘आहे’ सांगितलेलं नाही.

यातून एक फरक समजून घ्या, कारण वेटर तो बरेचदा करत नाहीत. सासूबाईंचं ‘कांदा-लसूण नको’ आणि नणंदेकडचं ‘जैन’ हे एक नाही. सासूबाईंना बटाट्याची भाजी चालते, आलं चालतं. जैन पानाला बटाटा, गाजर, बीट, मुळा, रताळं, ओलं आलं, जमिनीखालचं काहीच चालत नाही. बऱ्याच घरांत वांगं आणि मोड आलेली कडधान्यंही नाहीत. म्हणून “एक पान बिनकांद्याचं आणि चार जैन” असं वेगळं मोजून सांगा. “पाच जैन” सांगितलंत तर सासूबाईंचा बटाटा फुकट जाईल, आणि “पाच बिनकांद्याची” सांगितलंत तर नणंदेच्या पानात बटाटा येईल.

ठिकाण कसलं घ्यावं? मिक्स हॉटेल, म्हणजे शाकाहारी-मांसाहारी एकत्र, नको. स्वयंपाकघर वेगळं असल्याचं सांगतात, काही ठिकाणी खरंच असतं, पण तंदूर बहुतेकदा एकच असतो, आणि शेजारच्या टेबलावर तंदुरी चिकन आलं की नणंदेच्या सासूबाईंचं जेवण तिथेच संपलं. शुद्ध शाकाहारीच घ्या.

बुफे तर मुळीच नको. बुफेत कोशिंबिरीचा डाव रायत्यात जातो, रायत्याचा भातात, आणि दाण्याचं कूट लावलेला चमचा कुठे कुठे फिरून आला ते कोणालाच माहीत नसतं. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचं मूल बरोबर असताना बुफेला नेणं मला पटत नाही. माझ्या ओळखीत मी ते होऊ देत नाही.

थाळीचं काय? गुजराती-राजस्थानी अनलिमिटेड थाळीच्या जागा जैनांसाठी फार सोयीच्या. तिथे जैन डाळ आणि जैन भाजी रोजची असते, वेगळी सांगावी लागत नाही. पण वाढपी पुरीची टोपली प्रत्येक ताटावरून फिरवतात, फुलक्यावर तूप आधीच चोपडलेलं असतं, आणि तासाभरात पुढची पंगत उभी असते. पुतणी आणि तुमचा भाऊ दोघंही तिथे अडचणीत. आपटे रोडचं श्रेयस किंवा टिळक रोडचं दुर्वांकुर अशी मराठी थाळीची ठिकाणं सासऱ्यांना आवडतील, पण रविवारी दुपारी तिथली गर्दी पाहता एका मुलीसाठी वेगळी फोडणी टाका म्हणणं आचाऱ्यावरही अन्याय आहे. आणि फर्ग्युसन रोडच्या वैशालीत सोळा जणांना एकत्र जागा मिळेपर्यंत सासरे शहात्तर वर्षांचे होतील. दाक्षिणात्य हॉटेल वीगन आणि सीलिअ‍ॅक दोघांना बरं, मात्र रवा डोसा म्हणजे गहूच, आणि सांबारात कांदा ठरलेला.

सोळा माणसांसाठी माझी पसंती नेहमी एकच: मध्यम आकाराचं, एकाच जागी चालणारं शुद्ध शाकाहारी हॉटेल, मालक किंवा मुख्य आचारी रोज हजर असणारं, वीस-पंचवीस माणसांचा छोटा एसी हॉल असलेलं. मेनू आधी ठरवायचा, ताटं एकदम वाढायची. ऑर्डर देण्याचा कार्यक्रमच नाही. सोळा माणसांनी मेनूकार्ड उघडलं की पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात वेटरच्या वहीत जैनचं कांदा होतं.

साखळी हॉटेलांबद्दल लोक विचारतात. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्यांना एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे पदार्थातल्या कॅलरी आणि अ‍ॅलर्जीच्या घटकांची माहिती द्यावी लागते. गहू, शेंगदाणे व सुकामेवा, दूध, सोया, अंडी, मासे वगैरे लेखी विचारता येतं, ही मोठी सोय. पण बऱ्याच ठिकाणी ग्रेव्ही मध्यवर्ती किचनमधून तयार येते. आत काय आहे ते त्यांना ठाऊक असतं, ते काढता मात्र येत नाही. एकट्या हॉटेलात उलट: कागद नाही, पण आचाऱ्याच्या हातात सगळं असतं. घरात फक्त एका मुलाला अ‍ॅलर्जी असती तर मी तुम्हाला साखळीत पाठवलं असतं. तुमच्याकडे तिथी, चातुर्मास आणि वीगनही आहे, म्हणून हात असलेला आचारी हवा.

मी एक नाव का देत नाही, हेही सांगून टाकतो. या धंद्यात आचारी बदलतात. मागच्या वर्षी ज्या हॉटेलातलं जैन जेवण मी डोळे मिटून सांगितलं असतं, तिथला माणूस आज दुसरीकडे असेल. म्हणून नाव न देता कसं पारखायचं ते देतो. तीन-चार हॉटेलं निवडा आणि दुपारी साडेतीन ते सहाच्या मध्ये फोन करा. जेवणाच्या वेळी केलेल्या फोनला मिळणारं उत्तर फोन लवकर ठेवण्यासाठी दिलेलं असतं. काउंटरवरच्या माणसाशी बोलू नका, कॅप्टन किंवा आचारी मागा. “जैन मिळेल का?” हा प्रश्न कधी विचारू नका, त्याचं उत्तर पुण्यात सगळीकडे ‘हो’ आहे. विचारा: “जैन भाजीची ग्रेव्ही कशाची करता?” तो म्हणाला “टोमॅटो, काजू, मगज, वेगळ्या पातेल्यात”, तर पुढे बोला. म्हणाला “कांदा काढून देतो ना”, तर आभार मानून फोन ठेवा.

मग विचारा: तळणीचं तेल कोणतं, आणि कढई एकच आहे का? आपल्याकडे घाण्याचं शेंगतेल वापरणारी हॉटेलं पुष्कळ आहेत, आणि भाच्यासाठी ते चालणार नाही. सूर्यफूल किंवा सोयाबीन म्हणाला तर बरं. ज्या कढईत समोसे तळले त्यातच पापड तळला तर तो पुतणीसाठी गव्हाचाच झाला. शेवटचा प्रश्न हिंगाचा. इथे बहुतेक जण चमकतात. बाजारातला खडा किंवा पूड हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. डिंक आणि पीठ मिसळून केलेला, आणि ते पीठ बहुतेकदा गव्हाचं. म्हणजे वरण-भातासारखं निरागस पानसुद्धा फोडणीतून चुकतं. माझ्या भाचीला सीलिअ‍ॅक आहे. तिच्या आईला हे कळायला दोन वर्षं लागली.

या सगळ्या प्रश्नांत उत्तरांइतकंच उत्तर देणाऱ्याकडे लक्ष द्या. जो प्रत्येकाला “हो मॅडम, होऊन जाईल” म्हणतो त्याच्यापासून दूर राहा. जो म्हणतो “हिंगाचं मला माहीत नाही, डबा बघून सांगतो”, किंवा “वेगळी कढई रविवारी जमणार नाही, त्यांना तळलेलं देऊ नका”, तो तुमचा माणूस. ‘नाही’ म्हणता येणारं हॉटेल मिळालं की शोध संपला असं समजा.

तरीही एकदा मधल्या वारी दोघं जाऊन जेवून या. सर्वांत अवघड तेच मागवा, जैन आणि दाण्याशिवाय. वेटर ऑर्डर परत म्हणून दाखवतो का, केओटीवर मोठ्या अक्षरात लिहितो का, ते बघा. जाता जाता जिना मोजा. सासऱ्यांचे गुडघे, लिफ्ट, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, गाडी दारात थांबते का. पंच्याहत्तरीचा माणूस दोन जिने चढून आला की भुकेपेक्षा दम मोठा असतो.

मेनूबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं यावरच आहे. तुम्ही सात पथ्यांसाठी सात पदार्थ शोधताय. त्यापेक्षा आपलं नैवेद्याचं पान आठवा. त्यात कांदा-लसूण मुळातच नसतो. म्हणजे सासूबाईंचं पथ्य हे सोळाही जणांचं साधं जेवण होतं, आणि कोणाला काही वगळल्यासारखं वाटत नाही. त्या पानातून बटाटा, आलं आणि मोड काढले की ते जैन. गोडं वरण, भात, लिंबू. तूप वेगळ्या वाटीत, म्हणजे भाऊ ते घेणार नाही आणि बाकीचे दोनदा घेतील. तोंडली घातलेला मसालेभात, काजू आत नाहीत, हवे त्यांना वरून. चवळीची उसळ, मोड न आणलेली, ओल्या खोबऱ्याची. नारळाच्या दुधातलं टोमॅटोचं सार, लसूण-आलं नाही. ही उसळ आणि सार वीगनही आहे, हे जर्मनीच्या भावाला सांगेपर्यंत कळणारही नाही. नणंदेच्या सासूबाईंची तिथी निघालीच तर वरण, भात, चवळी, पापड एवढ्यावर त्यांचं पान भरतं. त्यांच्यासाठी वेगळं काही ‘करावं’ लागत नाही, आणि त्यांना तेच हवं असतं.

कोशिंबिरीपाशी थांबा. मराठी स्वयंपाकात दाण्याचं कूट हे मिठासारखं वापरतात, विचार न करता. काकडीची कोशिंबीर, उसळ, भरली वांगी, चटण्या, आमटी घट्ट करायची असेल तर तीही. तुमच्या पानात कूट कुठेच नको. कोशिंबिरीला खोबरं सांगा, आणि दही बाजूला. इथे पथ्यं एकमेकांशी भांडतात ते ध्यानात ठेवा. उपासाचा माणूस आला असता तर त्याची साबुदाणा खिचडी म्हणजे भाच्याला धोका. जैन ग्रेव्ही म्हणजे काजू; भाच्याला फक्त शेंगदाणा वर्ज्य आहे की काजू-बदामही, हे नणंदेकडून पक्कं करून घ्या. नारळही तिलाच विचारून.

पुतणीला कोणीतरी प्रेमाने नक्की म्हणणार, “अगं, ज्वारीची भाकरी खा, त्यात कुठे गहू?” हॉटेलात भाकरी थापताना खाली गव्हाचं पीठ भुरभुरतात, आणि तवा पोळीचाच असतो. तिला भात. तांदळाचा पापड भाजून. तिच्यासाठी वरण, उसळ आणि मसालेभात बिनहिंगाचे, किंवा सोपं म्हणजे सगळ्यांचेच. गोडा मसाला विकतचा असेल तर त्यातही हिंग असतो. घरचा डबा द्या. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पाकिटावर वाचून तोही देता येतो. आचाऱ्याला राग येत नाही. पाकीट हातात दिलं की त्याला उलट बरं वाटतं, त्याची जबाबदारी हलकी होते.

आणि गोड. पुरणपोळी म्हणाल तर गहू आणि तूप, श्रीखंड म्हणाल तर दूध, केक म्हणाल तर सगळंच. नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असेल. नारळी भात करायला सांगा. तांदूळ, नारळ, गूळ, लवंग, वेलची. तुपाऐवजी खोबरेल तेलाचा हात, काजू नाहीत. गहू नाही, दूध नाही, शेंगदाणा नाही, कंद नाही. सोळापैकी पंधरा जण तो एकाच पातेल्यातून खाऊ शकतात, आणि सोळावे तुमचे वडील, त्यांना एक चमचा. बाकीच्यांसाठी श्रीखंड आणि पुऱ्या ठेवा, पण पुरी पुतणीच्या पानावरून जाऊ देऊ नका. मुलांचे नूडल्स शेवटी, वेगळ्या बशीत. सोया सॉसमध्येही गहू असतो.

हे सगळं गुरुवारपर्यंत ठरवा आणि एका कागदावर लिहून द्या. हिंदीत लिहा. पुण्याच्या भटारखान्यात गढवाल, नेपाळ, बंगाल, ओडिशाची पोरं असतात. ‘दाण्याचं कूट’ त्यांना कळत नाही. ‘मूँगफली बिलकुल नहीं, तेल भी नहीं’ कळतं. सहा-सात ओळी, त्याहून जास्त नाहीत. एक प्रत आत चिकटवायची, एक कॅप्टनकडे.

बसवताना सोळा जणांचं एक लांब टेबल लावू नका. दोन टोकांना दोन वेगळी जेवणं होतात आणि वाढप्याला मधलं काही आठवत नाही. आठ-आठची दोन टेबलं जोडून काटकोनात घ्या. पथ्याची माणसं एका कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना, सासऱ्यांच्या जवळ, म्हणजे तो मानाचा कोपरा वाटतो, आजाऱ्यांचा नाही. त्या कोपऱ्याला एकच वाढपी, शेवटपर्यंत तोच. त्याला सुरुवातीलाच शंभर-दोनशे द्या. टीप शेवटी देण्याची पद्धत आहे, पण शेवटी दिलेल्या टीपेचा तुमच्या जेवणाला काय उपयोग? वडिलांचं पान पहिलं वाढायला सांगा. पान समोर आल्याशिवाय इन्सुलिन नाही, हे ते जाणत असतीलच.

बिलाचं पटकन. ताटाचा दर ठरवताना ५ टक्के जीएसटी धरून की वगळून, ते विचारा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं सांगितलं आहे. लावला तर काढायला सांगा. लहान मुलांचं ताट अर्धं धरतात का, तेही आधीच.

केकबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी देतो. तो फोटोपुरता आणा, बिनअंड्याचा, छोटा. पंच्याहत्तर दिव्यांचं औक्षण मात्र घरीच करून निघा. एसी हॉलमध्ये पंच्याहत्तर निरांजनं पेटवू द्यायला कोणताही मॅनेजर तयार होत नाही, मीही झालो नसतो. आणि ते दिवे कणकेचे असतील तर पुतणीच्या पानापासून लांबच बरे.

राहिले दीर. त्यांना रविवारी मासे नाहीत, हे तुमच्या यजमानांनी सांगावं, तुम्ही नाही. पण त्यांची सोय मी तिसऱ्या ढिगात टाकली म्हणून विसरायची नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये ताजी सुरमई नुकतीच यायला लागते, आणि नेमका तेव्हाच निम्मा महाराष्ट्र श्रावण पाळतो. मालवणी खाणावळी त्या दिवसांत रिकाम्या असतात. एरवी तासभर थांबवणारे लोक दारात येऊन या म्हणतात. त्याच आठवड्यातल्या बुधवारी रात्री दिरांना जाऊ द्या. मोठा मासा घेणार असाल तर ‘साइजप्रमाणे’ लिहिलेल्या पदार्थाचा भाव आधी विचारायला सांगा. आणि एक काम त्यांच्याकडे द्या: लेकीला, म्हणजे तुमच्या पुतणीला, बरोबर न्यायचं. हॉटेलात सुरमई रव्यात घोळवून तळतात, तो रवा गव्हाचा, म्हणून आजवर तिला बाहेर तळलेला मासा मिळालाच नसेल. रिकाम्या खाणावळीत आचाऱ्याला सांगता येतं: रवा नको, तांदळाचं पीठ, स्वच्छ तवा, मसाल्यात हिंग नाही ना ते बघ. दोन तुकडे आधी तिचे, मग बापाचे.